‘वाइफ’च्या आधी मी लिहिलेला शब्द

सर, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले आणि माझं तुमच्याशी भांडण चालूच आहे. फरक एवढाच की या खेपेला चूक माझी आहे, आणि ती कबूल करायची तर समोर माणूस नाही. तुम्ही असतात तर मी चूक कबूल करतेय म्हटल्यावर चष्मा पुसून, नीट सावरून बसला असतात. असा प्रसंग तुमच्या वाट्याला फार वेळा आला नाही.

लग्नाआधी मी तुम्हाला सर म्हणत होते, कारण तुम्ही सरच होतात. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका खोलीत, संध्याकाळी सहा ते सात, खात्याच्या परीक्षेला बसलेल्या आम्हा कारकुनांना तुम्ही इंग्रजी मसुदा लिहायला शिकवायचात. मग लग्न झालं आणि पुढची वीस वर्षं ‘अहो’ झालं. मग घटस्फोट झाला. घटस्फोट झालेल्या नवऱ्याला हाक काय मारायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं. ‘अहो’ म्हणायला लाज वाटायला लागली आणि ‘मल्लिनाथ’ म्हणायला जीभ वळेना. म्हणून पुन्हा सर. तुम्हाला ते आवडलं नव्हतं हे मला माहीत आहे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तुम्ही मागे वळून बघितलं होतंत, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

कोर्टातला तो दिवस आठवतो का? दोघांच्या संमतीचा अर्ज होता. वकिलांनी इंग्रजीत मसुदा करून आणला आणि बाहेरच्या बाकावर बसून तुम्ही त्यात तीन चुका काढल्यात. आपला संसार मोडायचा कागद, आणि तुम्ही वकिलाला समजावून सांगताय की हे वाक्य असं नाही होत. वकील माझ्याकडे बघत होता. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी वाटत होतं की या स्वभावापायीच आपण इथवर आलो. पाहुण्यांसमोर माझं इंग्रजी सुधारायचं, आपल्या गौरीच्या शाळेत जाऊन तिच्या बाईंचं सुधारायचं, लग्नाच्या पत्रिका आल्या की लाल पेन घेऊन बसायचं. एकदा तर कुणाच्या तरी श्रद्धांजलीच्या फलकातली चूक तुम्ही चौकात उभं राहून मोठ्यानं वाचलीत, आणि शेजारी त्या माणसाचा भाऊ उभा होता.

पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण अव्वा आणि गाव. सासरे गेल्यावर अव्वा, म्हणजे तुमची आई, अक्कलकोटच्या पलीकडच्या त्या गावात एकट्या राहिल्या. शेत आणि म्हशी सोडून सोलापुरात यायला काही केल्या तयार होईनात. तुम्ही कनिष्ठ महाविद्यालयातली नोकरी सोडून गावी गेलात आणि मला म्हणालात, अक्कलकोटला बदली मागून घे. माझी नुकती बढती झाली होती, गौरी दहावीला होती. मी म्हटलं, मागणार नाही. तुम्ही म्हटलंत, मग बघ. त्या ‘मग बघ’वर दोन वर्षं गेली. तुम्ही आला नाहीत, मी आले नाही. आणि मग आपल्यातलं कुणीतरी एक म्हणालं, कागदावर करून टाकू. कोण म्हणालं, यावर आपण पुढं नऊ वर्षं वाद घातला. मी अजूनही म्हणते, तुम्ही म्हणालात.

निकाल मिळाला त्या दिवशी कोर्टाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर आपण थांबलो. ऊन असं होतं की भांडायचं त्राणसुद्धा दोघांत उरलं नव्हतं. मी विचारलं, “आता कुणी विचारलं तर तुम्ही माझे कोण म्हणून सांगू?”

“माजी नवरा,” म्हणालात, आणि स्वतःच हसलात. “नको गं. माजी म्हटलं की लोकांना आमदार आठवतोय, सरपंच आठवतोय. पुढच्या निवडणुकीला उभा राहतोय का, विचारतील.”

“मग एक्स म्हणू?”

“ते सिनेमातलं. आपल्याला शोभतंय होय ते? फॉर्मर म्हण. फॉर्मर हजबंड. त्यात जरा अदब आहे की.”

आणि मग हातात रसाचा ग्लास घेऊन उभ्या उभ्या तुम्ही माझा तास घेतलात. लेट म्हणजे माणूसच गेला. फॉर्मर म्हणजे माणूस आहे, त्याची ती जागा गेली. फॉर्मर हेडमास्तर मंडईत भेंडी घेताना दिसतो, लेट हेडमास्तर दिसत नाही. गाडीवाला रस काढायचं सोडून ऐकत होता. मी मान डोलावली. वीस वर्षं बायको होते, त्याच्याआधी विद्यार्थिनी होते, आणि त्या दिवशी दोन्ही नसताना तुमच्याकडून शेवटचा शब्द शिकले.

तो शब्द आपण दोघांनी मग किती वापरला! तुम्ही टकलावरून हात फिरवून ‘फॉर्मर केस’ म्हणायचात. मी गुडघा चोळत ‘फॉर्मर गुडघा’ म्हणायचे. गौरीनं पुण्यात नोकरी बदलली तेव्हा तुम्ही तिच्या ‘फॉर्मर साहेबां’ची चौकशी करत होतात. हसता हसता त्या शब्दाची धार गेली असं मला वाटत होतं.

दोनेक वर्षांनी गावाकडं एक भरवशाचं जोडपं अव्वांच्या सोबतीला मिळालं आणि तुम्ही पुन्हा सोलापुरात शिकवणी सुरू केलीत. सोमवार ते गुरुवार भाड्याच्या दोन खोल्या, शुक्रवारी गावी. माझ्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही दारात यायचात, हातात गावाकडची काहीतरी पिशवी. पहिले सहा महिने चपला काढायच्या की नाही यावर उंबऱ्यात थबकायचात. मग काढायला लागलात. मग चहा. मग बातम्या बघताना निवेदिकेचं मराठी सुधारायला लागलात, आणि मी म्हटलं, झालं, सगळं जागेवर आलं. शेजारच्या काकूंना मी ‘गौरीचे बाबा’ म्हणून सांगितलं होतं. त्या शब्दानं माझी बरीच वर्षं निभावून नेली.

हेही सांगायला हवं की तुमच्यामुळेच मी माझ्या नोकरीत उभी राहिले. बार्शीहून आलेली मी, इंग्रजी कागद समोर आला की तो गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचे. आस्थापना विभागात एकतीस वर्षं काढली. दुसऱ्यांची सेवापुस्तकं, रजेचे अर्ज, वारसांची नावं, सगळं तपासलं. कुणाचा कागद माझ्या टेबलावरून चुकीचा पुढं गेला नाही. एखादा शब्द बदलायचा असेल तर गिरवायचा नाही, सरळ नवा शब्द लिहायचा आणि शेजारी लघुस्वाक्षरी करायची, म्हणजे कुणी बदललं ते कळतं. हे ऑफिसनं शिकवलं. नेमका शब्द वापरायचा, हे तुम्ही शिकवलंत. दोन्ही मी इतकं मनावर घेतलं, सर.

त्या मंगळवारी तुम्ही फोन केलात. “सोबत येतीस का? रिक्षात एकटं बसायला कंटाळा येतोय.” छातीत दुखतंय हे तुम्ही सांगितलंच नाहीत, ते मला डॉक्टरांच्या समोर कळलं. डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी करून घेऊ, लागलं तर त्याच वेळी स्टेंट टाकू. घाई नाही, पण उगाच लांबवूही नका. उद्या बुधवारी सकाळी जागा आहे. आज फॉर्म भरून जा.

फॉर्म तुम्हीच भरलात, तुमच्या शाईच्या पेननं. तुमचं अक्षर इतकं सुरेख, की खिडकीतली मुलगी म्हणाली, “सर, किती छान लिहिताय हो.” तुम्ही खुशीत आलात. मी म्हटलं, द्या इकडे, बघते. तुम्ही दिलात. मी नेहमीसारखी वरून खाली वाचत गेले. नाव, वय, पत्ता, रक्तगट. जवळच्या नातेवाइकाचं नाव: माझं. नातं: वाइफ.

मी पर्समधून पेन काढलं. ‘वाइफ’च्या आधी, वर, खूण करून ‘फॉर्मर’ लिहिलं. आणि शेजारी लघुस्वाक्षरी केली.

विचार केला नाही. खरंच केला नाही. हात चालला. तुम्ही बघत होतात. मी फॉर्म खिडकीत दिला.

“हे काय आहे मॅडम?” मुलीनं विचारलं.

“घटस्फोट झालाय आमचा.”

“मग तुमची सही नाही चालायची. ऑपरेशनची वेळ आली तर रक्ताचं माणूस लागतंय, आईवडील, सख्खे भाऊबहीण नाहीतर मुलं. कोण आहे?”

“अहो, चालतंय की,” तुम्ही म्हणालात. “नुसतं वाइफ ठेवा. काय फरक पडतोय?”

आणि मी म्हणाले, “सर, खोटी माहिती कशी द्यायची?”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग फॉर्म हातात घेऊन तो शब्द बघितलात, सही बघितलीत. “बरोबर आहे,” म्हणालात. “बिनचूक आहे.” तुमच्या तोंडून माझ्या इंग्रजीला बिनचूक म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

अव्वांना चौऱ्याऐंशी वर्षांच्या वयात सहीला आणणं शक्य नव्हतं. भाऊबहीण तुम्हाला नाही. राहिली गौरी. तिला फोन केला, तिच्या ऑफिसात कसली तरी तपासणी चालू होती, ती म्हणाली शुक्रवार संपला की शनिवारी पहाटेच निघते. बुधवारचं सोमवारवर गेलं. खिडकीतल्या मुलीनं तारीख खोडून नवी घातली. तिनं शेजारी सही केली नाही, हेही माझ्या लक्षात आलं होतं.

परतताना रिक्षात तुम्ही बाहेर बघत होतात. मान न वळवता म्हणालात, “सुनंदा, इंग्रजी कुणी शिकवलं गं तुला?”

“तुम्हीच की.”

“मग चूक माझीच,” म्हणालात आणि हसलात. मीही हसले. मला वाटलं, चेष्टा चाललीय. उतरताना तुम्ही म्हणालात, या आठवड्यात गावी जात नाही, सोमवारपर्यंत इथंच पडून राहतो. मी म्हटलं, जेवायला या. तुम्ही बुधवारी आला नाहीत. गुरुवारी आला नाहीत. मी फोन केला तर म्हणालात, “जरा थकल्यासारखं वाटतंय, येतो की उद्या.”

शुक्रवारी सकाळी घरमालकांनी गौरीला फोन केला. मला नाही. त्यांच्याकडं माझा नंबर नव्हता, आणि असता तरी तो कशाखाली लिहिला असता त्यांनी? मी पंधरा मिनिटांवर होते, पोळ्या करत होते, आणि तुम्ही गेलात हे मला पुण्याहून कळलं.

तुम्हाला गावी नेलं. तुमच्याच शेतात, सासऱ्यांच्या शेजारी. तुम्हा लिंगायतांत बसवून मातीत ठेवतात हे मला माहीत होतं, सासऱ्यांच्या वेळी मी सून म्हणून पुढं होते, कोण कुठं उभं राहणार हे मीच बायकांना सांगत होते. या वेळी मी चपलांपाशी उभी राहिले. जंगम आले, विभूती लावली, गौरी पुढं गेली, तुमचे जुने सहकारी गेले, गावातली माणसं गेली. पुढं जावं की नाही मला ठरवता येईना. तुमचा एक विद्यार्थी शेजारी उभा होता, चांगला चाळिशीतला. डोळे पुसत म्हणाला, “मॅडम, आपण सरांच्या कोण?”

सर, नऊ वर्षांपूर्वी भर उन्हात उभं राहून तुम्ही मला याचं उत्तर शिकवलं होतंत. ते माझ्या तोंडातून बाहेर आलं नाही. मी म्हटलं, “ओळखीची.”

तो म्हणाला, “लई मोठा माणूस गेला.” मी हो म्हटलं.

त्या दिवशी घरी परत येऊन आंघोळ केली आणि मला कळेना, पुढं काय करायचं. बार्शीला माझ्या भावाला फोन केला. जात वेगळी म्हणून दादा आपल्या लग्नाला आला नव्हता, पण अशा गोष्टी तो नेमक्या सांगतो. मी विचारलं, मला सुतक किती दिवस? तो म्हणाला, “तुला कुठलं सुतक गं? कायद्यानं संपलंय सगळं. तू त्याची कुणी लागत न्हाईस.” मग मी तुमच्याकडल्या चुलतभावाला विचारलं. तो बिचारा समजुतीनं म्हणाला, “वैनी, आमच्यात सुतक पाळत न्हाईत. लिंगैक्य झाल्याव कसलं सुतक?” त्यानं वैनी म्हटलं, तेवढ्यावर मी फोन ठेवल्यावर रडले. पण सुतक कुणीच दिलं नाही. गोड खायचं नाही, देवाला हात लावायचा नाही, कुणाकडं जायचं नाही, असं काहीतरी मला हवं होतं. दहा दिवस मला काहीतरी मनाई हवी होती. ती दोन्ही घरांत माझ्यासाठी नव्हती.

सोमवारी मी ऑफिसला गेले. रजेचा अर्ज लिहायला बसले होते, पण कारण काय लिहू? असे अर्ज मी आयुष्यभर तपासले. एका शिपायानं मानलेल्या बहिणीसाठी रजा मागितली होती, तेव्हा ‘नाते स्पष्ट करावे’ असा शेरा मारून मीच परत पाठवला होता. माझ्या अर्जावर तो शेरा मारायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. मी अर्ज फाडला आणि फायली उघडल्या. तो तुमच्या ऑपरेशनचा सोमवार होता.

दिवसभर माझ्या डोक्यात एकच चाललेलं. बुधवारी झालं असतं तर. मी नुसतं वाचून फॉर्म परत दिला असता तर. त्या खिडकीतल्या मुलीला काय पडलं होतं? कुणाचं काय बिघडणार होतं? मी त्या डॉक्टरांना जाऊन भेटले. ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, “सांगता येत नाही हो. बुधवारी केलं असतं तर वाचले असते, असं छातीठोक मी म्हणणार नाही. नसते वाचले, असंही म्हणणार नाही.” तुम्हाला असलं उत्तर कधी चाललं नसतं. मलाही चालत नाही.

पण मला खरं खाल्लं ते गौरीनं. ती गावी अव्वांपाशी राहिली होती, रोज मला फोन करायची. प्रत्येक फोनमध्ये फिरून फिरून तेच. “आई, मी त्याच दिवशी निघायला हवं होतं. मी शनिवार म्हटलं. बाबा माझ्यामुळं थांबले.” तिला वाटत होतं, बाबांनी तिची वाट बघायची म्हणून तारीख पुढं ढकलली. फॉर्मचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही तिला फोनवर एवढंच म्हणाला होतात, “तू आलीस की करू, घाई न्हाई.” तुम्ही मला झाकलंत, सर. आणि मी आठ दिवस, नऊ दिवस, दहा दिवस त्या पांघरुणाखाली बसून राहिले. ती फोनवर रडायची आणि मी म्हणायचे, “असं नाही गं बाळा, कुणाच्या हातात असतं का?” माझी पोर माझं ओझं उचलून हिंडत होती, आणि मी तिला समजूत घालत होते. असली लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

म्हणून आज सकाळी अक्कलकोटची एसटी धरली आणि पुढं वडापच्या जीपनं गावी गेले. गौरी ओसरीवर होती. तिचे डोळे असे सुजले होते की मी आल्या आल्या बोलून टाकलं, चहासुद्धा घेतला नाही. भीती होती की बसले तर पुन्हा गप्प बसेन. सांगितलं, की तुझ्यामुळं नाही. बाबांनी ‘वाइफ’ लिहिलं होतं, मी त्यात ‘फॉर्मर’ घातलं, म्हणून माझी सही चालली नाही, म्हणून तू लागलीस. बुधवार माझ्यामुळं गेला.

 गौरी हळू आवाजात म्हणाली, “दहा दिवस फोनवर ऐकत होतीस आई तू.” ती उठली आणि शेताकडं चालत गेली. मी मागं गेले नाही. तिला आता माझा राग यायचाय, तो येऊ दे. तिच्या वाट्याचं ते नव्हतं, एवढं तिला कळलं म्हणजे पुष्कळ.

आतल्या बाजेवरून अव्वांनी हाक मारली. “एनात?” म्हणजे काय झालं. मी आत गेले. त्यांनी हात पुढं करून मला बाजेवर बसवून घेतलं. तुम्हाला ठेवलं त्या दिवशी गर्दीत त्यांनी मला बघितलंच नव्हतं, आज विचारत होत्या, आली न्हवतीस का म्हणून. मी म्हटलं, आले होते, मागं उभी होते.

“पोरगी का गेली तनतनत?”

मग त्यांनाही सांगितलं. इंग्रजी शब्द न वापरता सांगायचं म्हणजे मला सोपं जाईना. म्हटलं, दवाखान्यातल्या कागदावर त्यांनी माझ्या नावापुढं ‘बायको’ लिहिलं होतं. मी त्याच्याआधी ‘पूर्वी होती, आता नाही’ अशा अर्थाचा शब्द घातला.

“तुला कुनी सांगितलं घालायला?”

“कुणी नाही.”

“त्यानं बायको म्हनून लिवला?”

“हो, अव्वा.”

“सवता लिवला?”

“स्वतः. त्यांच्या पेननं.”

माझा हात त्यांच्या हातात होता, तो त्यांनी सोडला नाही. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि मला त्या हव्याही होत्या. त्या अगदी सावकाश म्हणाल्या, जसं एखाद्या मंद पोराला सांगावं, “अगं, जल्मभर दुसऱ्याच्या पोरास्नी इंग्रजी शिकीवला त्यानं. काय लिवायचं ते त्याला कळत न्हवतं व्हय?”



“तुला इचारला की गं त्यानं,” अव्वा म्हणाल्या. “मग तू काय म्हनलीस?”

सर, बारा दिवस मी बुधवारचा आणि सोमवारचा हिशेब मांडत होते. तुम्ही तो शब्द चुकून लिहिलात, घाईत लिहिलात, माझी सही चालावी म्हणून सोयीचा लिहिलात, असंच धरून चालले होते. दुसऱ्याच्या अर्जातलं एक अक्षर न सोडणारा माणूस स्वतःच्या आजारपणाच्या कागदावर चुकीचा शब्द कशाला लिहील, हे मला सुचलं नाही. लिहून झाल्यावर तुम्ही फॉर्म माझ्या हातात दिलात आणि मी वाचेपर्यंत माझ्याकडं बघत थांबलात. ज्या बाईनं कधी इंग्रजीचं एक अक्षर वाचलं नाही, तिला ते ऐकताक्षणी कळलं.

“नाही म्हणाले, अव्वा,” मी सांगितलं.

मला नाही म्हणायचं नव्हतं हो.